वाचून राह्यली ना मी

धान कापणीला आलं की मला राग येतो.

या दिवसांत बाकीच्यांना दिवाळी आठवते, माहेर आठवतं, मंडईच्या जत्रेतले पाळणे आठवतात. माझ्या वाट्याला राग आला आहे. वैनगंगेच्या काठच्या धानाच्या बांध्या पिवळ्या पडतात, सकाळी दवानं जड झालेली लोंबं मान टाकतात, आणि कापलेल्या धानाचा ओलसर, गोडूस, थोडा खाजरा वास आरमोरीच्या बसस्टँडपर्यंत येऊन पोचतो. नेमक्या त्याच दिवसांत हातातला फोन थरथरायला लागतो. महासेल सुरू. फक्त आजच. शेवटची संधी. शेतातला हंगाम आणि फोनमधला हंगाम आता जोडीनं येतात. हा योगायोग आहे असं मला एके काळी वाटायचं. आता वाटत नाही. माणसाचा हात कधी सैल असतो, मन कधी हुरळलेलं असतं, हे शोधणं हा कुणाचा तरी अभ्यास असतो. त्या अभ्यासाला चांगलं नाव असतं, त्याच्यावर भाषणं होतात, आणि भाषणानंतर टाळ्या वाजतात.

असा एक अभ्यास माझ्या बहिणीच्या गावात येऊन गेला.

सुशीला माझी मोठी बहीण. मोठ्या बहिणीला नावापुढे बाई लावून हाक मारायची आमच्याकडची रीत, म्हणून माझ्यासाठी ती सुशीबाई. आम्ही मूळच्या वरोऱ्याच्या, कापूस-सोयाबीनच्या मुलखातल्या. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी रांगत होते आणि ती चौथीत होती. तिची शाळा तिथंच संपली, वाचन मात्र संपलं नाही. किराण्याच्या पुड्यांचे कागद ती उलगडायची, मांडीवर तळहातानं सपाट करायची आणि ओळीखाली बोट धरून वाचायची. ओठ हलत राहायचे. बातमी मधेच फाटलेली असली तर पुढं काय झालं असेल यावरून आम्ही दोघी वाद घालायचो. मला अक्षरओळख झाली ती तिच्या त्या बोटामुळे. पुढं मी शिकत गेले, आरमोरीच्या शाळेत मराठीची शिक्षिका झाले, पण इतक्या वर्षांत सुशीबाईसारखं वाचणारं माणूस मला क्वचितच भेटलं. ती सावकाश वाचायची, कारण ती सगळं वाचायची. औषधाच्या बाटलीवरचं बारीक छापलेलं, खताच्या पोत्यावरचं, एसटीत खिडकीवर लिहिलेलं. कठीण शब्द आला की थांबायची, कुणाला तरी विचारायची आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून घ्यायची.

तिला दिलं ते आरमोरीच्या पलीकडच्या एका धानाच्या गावात. तिथल्या बचत गटात बँकेचा कागद आला की बायका म्हणायच्या, सुशीबाईले येऊ द्या. मग ती चष्मा लावून बसायची आणि अख्खा कागद मोठ्यानं वाचायची. बायका कंटाळायच्या, कुणी उठून चुलीवरचं पाहून यायची, पण ती शेवटच्या ओळीपर्यंत पोचल्याशिवाय सही कुणीच करायचं नाही. गावातलं तिचं वजन होतं ते एवढ्यावर. तिला त्याचा अभिमान होता आणि तो ती लपवायची नाही.

निखिल सर आले ते दसऱ्यानंतर, लवकर येणारं हलकं धान कापून झालं होतं आणि उशिराचं भारी धान उभं होतं तेव्हा. ते एका मोठ्या शहरातल्या संस्थेत शिकवायचे. खरेदी करताना माणसाचं मन कसं चालतं आणि फोनमुळे ते कसं बदलतं, हा त्यांचा विषय. फोनवरून विकत घ्यायला नुकतीच सुरुवात झालेली गावं त्यांना हवी होती. सरपंचांनी समाजमंदिर उघडून दिलं. शाळेला सुटी म्हणून मीही बहिणीकडे होते.

खोटं कशाला सांगू, माणूस उद्धट नव्हता. चप्पल बाहेर काढून घरात यायचे. सुशीबाईच्या हातची लाखोरीची डाळ त्यांनी दोनदा मागून घेतली. आमचं बोलणं त्यांना आवडायचं, 'का' विचारायचा आमचा 'काऊन' हा शब्द त्यांनी हौसेनं उचलला होता. मी कोणता विषय शिकवते ते विचारलं, माझं मत ऐकून घेतलं. त्यांच्या त्या सौजन्याचाच मला अजून जास्त राग येतो. आरडाओरडा करणारा माणूस असता तर सोपं गेलं असतं.

समाजमंदिरात एका टेबलावर मोठा फोन ठेवलेला असायचा. त्यात एक दुकान. गावातल्या एकेकानं आत जायचं, दुकान पाहायचं आणि एक वस्तू निवडायची. निवडाल ती तुमची, घरपोच येईल. वस्तूच्या डोक्यावर लाल आकड्यांचं घड्याळ उलटं धावायचं आणि खाली लिहिलेलं असायचं, फक्त एकच शिल्लक. समोरचा कॅमेरा चेहरा आणि आवाज टिपायचा. ते सगळ्यांना सांगितलेलं होतं, सगळ्यांनी होकार दिला होता. सर मागच्या खुर्चीवर बसून दुसऱ्या पडद्यावर पाहात राहायचे.

सुशीबाईनं डोक्याला बांधायचा टॉर्च निवडला. त्या वर्षी डुकरांनी बांध्या उकरून ठेवल्या होत्या आणि भाऊजी रोज जागलीवर जायचे. दोन्ही हात मोकळे राहतील असा उजेड तिला हवा होता. पण घेण्याआधी तिला जाणून घ्यायचं होतं की दवात भिजला तर चालेल का, बिघडला तर कुणाला सांगायचं. ते सगळं खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. तिनं बोट ठेवलं आणि वाचायला घेतलं.

बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा थोडा लाल होता. म्हणाली, वाचता वाचता वेळ गेला. सरांनी सगळ्यांना आभाराचा एकेक स्टीलचा डबा दिला, तिलाही दिला. घरी येताना ती स्वतःवरच हसत होती. मीही हसले. त्या दिवशी कुणालाच राग आला नव्हता, आणि गोष्ट तिथं संपली असती तर मी ती केव्हाच विसरले असते.

दिवाळीनंतर शाळा उघडली. मधल्या सुटीत एका सहकाऱ्यानं फोन माझ्यापुढे धरला, हे पाहा म्हणाला, फार भारी आहे. पडद्यावर माझी बहीण होती. जवळून, खालच्या बाजूनं दिसणारा तिचा चेहरा, हलणारे ओठ, कोपऱ्यात धावणारे लाल आकडे. आकडे संपत आले तशी ती फोनला विनवायला लागली. "थांब ना रे बापू, वाचून राह्यली ना मी." मग आकडे संपले. तिनं सरळ वर, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "गेला."

त्यानंतर हशा उसळला. तो हशा त्या तुकड्यातच होता. सरांनी कुठल्याशा परिषदेत भाषण करताना तो पडद्यावर दाखवला होता, त्या सभागृहाचा हशा. संस्थेनं अख्खं भाषण इंटरनेटवर टाकलं, कुणीतरी त्यातून एवढाच भाग कापला, खाली ढोलकी जोडली आणि सोडून दिला. सहकारी माझ्याबरोबर हसायला म्हणून वळला. ही माझी बहीण आहे, मी म्हटलं. त्यानं घाईघाईनं फोन बंद केला. त्याला माहीत नव्हतं, त्याच्यावर माझा राग नाही. पण तोवर तो तुकडा आरमोरीतल्या प्रत्येक फोनमध्ये पोचला होता.

मी घरी जाऊन तो पुन्हा पुन्हा पाहिला. खरं तर ऐकला. माझं लक्ष त्या हशाकडेच जायचं. ते सभागृह कुणाचं होतं? पुस्तकांवर जगणाऱ्या माणसांचं. आयुष्यभर मुलांना नीट वाचा, पूर्ण वाचा, समजून वाचा असं सांगणाऱ्यांचं. त्यांच्यासमोर एक बाई पूर्ण वाचायचं म्हणून वेळ मागत होती आणि ते पोट धरून हसत होते. तिला वाचता आलं नसतं तर कदाचित त्यांना तिची दया आली असती. न वाचता बटण दाबून मोकळी झाली असती तर कुणी तिच्याकडे पाहिलंही नसतं.

सुरुवातीला सुशीबाईनं ते हसण्यावारी नेलं. कापणीला आलेल्या बाया तिला पाहून थांब ना रे बापू म्हणायच्या, तीही त्यांच्याबरोबर हसायची. मग एसटीचा कंडक्टर म्हणाला. मग दुकानात तिनं बिस्किटाचा पुडा उलटा करून पाहिला तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. गावोगावच्या मंडया सुरू झाल्या होत्या. आम्ही दोघी शेजारच्या गावच्या मंडईला गेलो. दुपारची दंडार, आमच्याकडचं लोकनाट्य, चालली होती, उन्हात माणसं दाटून बसली होती, भज्यांचा आणि धुळीचा वास येत होता. लुगडं नेसून बाईचं सोंग घेतलेला एक नट रिंगणात आला. त्यानं हातात विटेचा तुकडा फोनसारखा धरला, त्यावर बोट फिरवलं, ओठ हलवले आणि तिचं वाक्य तिच्याच आवाजात म्हटलं. लोक कोसळले. हसता हसता पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघी मागे वळल्या, कारण ती कुठं बसली आहे हे त्यांना माहीत होतं. मी तिचा हात धरून उठायला लागले. तिनं मला खाली बसवलं. दंडार संपेपर्यंत ती ताठ बसून राहिली, आणि तिची नजर रिंगणातून हलली नाही.

पुढच्या बैठकीत गटासमोर बँकेचा कागद आला. बायकांनी तिच्यापुढे सरकवला, तिनं तो तसाच शेजारणीकडे ढकलला.

"तू वाच वं. चष्मा नाई आणला मी."

चष्मा तिच्या गळ्यात दोरीला लटकत होता. सगळ्यांना दिसत होता. 

सगळे म्हणतात की हशा झाला, विसरला गेला, काय बिघडलं. काय बिघडलं ते मी सांगते. एका बाईनं कागदाच्या पुड्यांवरून, आईचं दुखणं काढताना, चुलीच्या उजेडात जे मिळवलं होतं ते तिच्याकडून काढून घेतलं गेलं. ज्यांनी घेतलं त्यांना आपण काही घेतलं हे कळलंसुद्धा नाही.

भारी धानाची मळणी सुरू झाली होती. गावभर भुसा उडत होता, सकाळी धुकं आणि भुसा वेगळा ओळखू यायचा नाही. त्या दिवसांत कळलं की निखिल सर चंद्रपूरला एका कॉलेजात बोलायला येणार आहेत. मी रजा टाकली आणि एसटीत बसले. मूल गावाच्या पुढचं जंगल खिडकीतून सरकत होतं आणि मी मनात वाक्यं जुळवत होते. मराठीची शिक्षिका मी, पण एकही वाक्य धड जुळत नव्हतं.

जेवणाच्या सुटीत ते भेटले. लगेच ओळखलं, खुर्ची ओढून दिली, बहिणीची चौकशी केली. मी सगळं सांगितलं. त्यांना मनापासून वाईट वाटलं असावं. तो तुकडा आपण पसरवला नाही, नाव कुठंच दिलं नव्हतं, आणि सभागृहातले लोक कौतुकानं हसले होते, असं ते म्हणाले. मग एकदम उत्साहानं पुढं झुकले.

"खरं सांगू का, तुमच्या ताई आमच्या अभ्यासातल्या सगळ्यात विवेकी ग्राहक होत्या. बाकीच्यांनी न वाचताच दाबलं."

हे तुम्ही त्या सभागृहात सांगितलंत का, मी विचारलं. ते म्हणाले, वेळ कमी होता.

मग मी घड्याळाबद्दल विचारलं. आकडे संपल्यावर त्या टॉर्चचं काय झालं? ते किंचित हसले. काहीच नाही. घड्याळ नुसतं दाखवायला होतं. वस्तू तिथंच होती, नंतर दाबलं असतं तरी मिळाली असती, एकच शिल्लक हेही खरं नव्हतं. घाईत माणूस काय करतो, तेवढंच त्यांना पाहायचं होतं. आणि मग, माझा चेहरा पाहून असेल, ते म्हणाले की तो टॉर्च आपण ताईंना कुरिअरनं पाठवून देऊ.

मी आयुष्यात फार कमी वेळा आवाज चढवला आहे. तेव्हा चढवला. टॉर्च नको, मी म्हटलं. गावात या. ज्या समाजमंदिरात तिला बसवलंत तिथं उभं राहून सगळ्यांना सांगा की घड्याळ खोटं होतं आणि ती बरोबर होती. आजूबाजूची माणसं जेवताना थांबून पाहायला लागली. सरांनी फोन काढला, तारखा चाळल्या आणि सत्र संपलं की नक्की येतो म्हणाले.

ते आले नाहीत. काही दिवसांनी माझ्या फोनवर इंग्रजीत दिलगिरीचा निरोप आला. सुबक, मुद्देसूद, एकही चूक नसलेला. त्यात माझ्या बहिणीचा उल्लेख सहभागी व्यक्ती असा होता.

मग मीच गेले. रविवारच्या दुपारी गटाच्या बायका समाजमंदिरात जमल्या. सुशीबाई मागं, भिंतीला टेकून बसली. मी फोनवर एका दुकानाचं पान उघडलं, त्यावर तसंच लाल घड्याळ धावत होतं. फोन सतरंजीच्या मधोमध ठेवला आणि म्हटलं, कुणी हात लावायचा नाही, फक्त पाहायचं. बायका वाकून बसल्या. आकडे उतरत गेले तशी एकीनं दुसरीचा दंड धरला. आकडे संपले. पान एकदा लुकलुकलं, आणि घड्याळ पहिल्यापासून धावायला लागलं. वस्तू तिथंच, किंमत तीच.

काहीच नाई झालं, कुणीतरी म्हणालं. मग बायका हसायला लागल्या. हे हसणं वेगळं होतं, मला बरं वाटलं. मी सुशीबाईकडे पाहिलं. ती हसत नव्हती.

"म्हणजे मी थांब म्हणत होती ते कोणाले?" तिनं विचारलं.

मशीन होती ती सुशीबाई, शेजारीण म्हणाली, मशीनले काय आयकू येते.

"मशीन कायले? मांगं तो सर बसून होता ना. मी थांब म्हणलं ते त्यानं आयकलं. तो काऊन नाई थांबला?"

  इतके दिवस ती शरमेनं मान खाली घालून फिरत होती. त्या दुपारी पहिल्यांदा मला तिच्या चेहऱ्यावर राग दिसला.

तिचा प्रश्न मी तिच्याच शब्दांत सरांना पाठवला. वाचल्याच्या दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही.

त्यानंतर काही हंगाम गेले. ती ढोलकी लावलेली चित्रफीत आता कुणी पाहात नाही. लोकांना हसायला रोज नवी माणसं मिळतात. गटाचे कागद बारावी झालेली एक सून वाचते. भरभर, एका दमात वाचते. बायका माना डोलावतात आणि सही करतात. सुशीबाई त्यांच्यात बसते आणि गप्प राहते. घरी ती वाचते, मागच्या ओट्यावर, एकटी. परवा मी न सांगता गेले तेव्हा माझ्या पावलांचा आवाज ऐकून तिनं हातातला कागद पालथा घातला. मी. जिला तिनं अक्षरं दाखवली ती मी. मला पाहून तिनं तो पुन्हा सरळ केला, पण आधी पालथा घातलाच.

यंदाही कापणीच्या सुमारास एक पोरगी आली. त्याच संस्थेतली, गोड बोलणारी, पाठीवर पिशवी. पूर्वी ज्यांनी भाग घेतला त्यांना पुन्हा भेटून काय बदललं ते पाहायचं होतं. मी तिथंच होते, मला वाटलं आता सुशीबाई तिला उभी करणार नाही. तिनं तिला बसायला पाट दिला. उकडलेल्या शेंगा पुढं ठेवल्या, चहा केला. पोरीनं चहा पिऊन पिशवीतून तो मोठा फोन काढला, तेव्हा सुशीबाईनं मान हलवली.

फक्त पाच मिनिटं लागतील, पोरगी म्हणाली.

"बस ना. पाच मिनिटं काऊन, दिवसभर बस," सुशीबाई म्हणाली. "धान कापून राह्यलो, ते पाहा. मी कशी आहो ते पाहा. पण फोनात भरून नेऊ नको."

पोरगी थोडा वेळ बसली. मीही तिच्यावर तडकून दोन शब्द बोलले. मग फोन पिशवीत ठेवून पुढच्या घरी गेली. पुढच्या घरानंही नाही म्हटलं, त्याच्या पुढच्यानंही. गटात याबद्दल कधी बोलणं झालं होतं की नाही, मला माहीत नाही.

दुपार कलली तशी वारा सुटला. आम्ही दोघी खळ्यावर धान उपणत होतो. ती सूप डोक्याच्या वर धरायची, दाणे सरळ खाली पडायचे, फोल उडून माझ्या अंगावर यायचं. त्या पोरीवर मी उगीच तडकून बोलले होते, ते तिच्या मनात असावं.

"तुहा राग अजून नाई गेला का वं?" तिनं विचारलं.

नाही, मी म्हटलं.

"माहाबी नाई," ती म्हणाली आणि सूप पुन्हा भरून घेतलं.